नाताळचे कार्ड आणि वऱ्हाडचा कापूस

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की अमरावती-अकोल्याकडच्या काही ख्रिस्ती घरांतून एक काम निघते. जाड कागद दुमडून कार्डे कापली जातात. पोरे रंगांच्या वड्या आणि पाण्याची वाटी घेऊन बसतात. देवदाराचे झाड काढतात, उतरत्या छपराचे घर काढतात, त्यावर धुराडे काढतात. मग घरातली एखादी बाई वातींसाठी ठेवलेला कापूस आणते आणि त्याचे लहान लहान पुंजके डिंकाने त्या झाडावर आणि त्या छपरावर चिकटवते. हा बर्फ. त्या घरातल्या कुणी बर्फ पडताना पाहिलेला नसतो. कापूस मात्र सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि त्या घरातली नाहीतर शेजारच्या घरातली बाई त्याच आठवड्यात ओटी बांधून दुसऱ्याच्या वावरात वेचणीला गेलेली असते.

साहित्य आणि समाजविचार ह्यांना वाहिलेल्या नियतकालिकात पोरांच्या ह्या चित्रकामाला काय स्थान, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या समाजाला शतकानुशतके स्वतःचा देव स्वतःच्या हाताने रेखाटू दिला गेला नाही, देवळाच्या पायरीलाही हात लावू दिला गेला नाही, त्या समाजातला माणूस जेव्हा कागदावर आपला तारणारा काढतो तेव्हा तो काय काढतो आणि कुणासारखा काढतो, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. दलित कवितेने संस्कृतप्रचुर प्रतिमा नाकारून वस्तीतली प्रतिमा उचलली. कार्डावरच्या प्रतिमेला तोच प्रश्न का विचारू नये?

प्रथम हे कार्ड आले कुठून ते पाहू. नाताळचे पहिले छापील कार्ड १८४३ मध्ये लंडनला निघाले. हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याला इतक्या ओळखीच्या लोकांना पत्रे लिहीत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्याने जॉन हॉर्सली ह्या चित्रकाराकडून एक चित्र करून घेतले आणि त्याच्या सुमारे १,००० प्रती काढल्या. एका प्रतीला एक शिलिंग. इंग्लंडात १८४० पासून एका पेनीत पत्र जाऊ लागले होते, म्हणजे कार्डाची किंमत टपालाच्या बारापट होती. ते गरिबाने विकत घ्यावे असे कार्डच नव्हते. चित्र काय आहे? मधोमध एक खातेपीते कुटुंब हातात मद्याचे पेले घेऊन बसले आहे. एका लहान मुलीच्याही तोंडाला पेला लावलेला आहे. त्यावरून दारूबंदीवाल्यांनी गिल्ला केला. दोन बाजूंना दोन अरुंद चौकटी आहेत. एकीत गरिबांना अन्न वाटले जात आहे, दुसरीत वस्त्र. ख्रिस्त ह्या कार्डावर कुठेच नाही. आणि गरीब आहेत ते कडेला, घेणाऱ्याच्या भूमिकेत.

लूककृत शुभवर्तमानातली जन्मकथा ह्याच्या नेमकी उलट आहे. तिथे मधली जागा गरिबांची आहे, आणि सम्राट ऑगस्टसचे नाव सुरुवातीला एकदा येऊन जाते. आपण कार्ड करायला बसतो तेव्हा ह्या दोन मांडण्यांपैकी कोणती उचलायची हे आपल्याला ठरवावे लागते. न ठरवता बसलो तर हात आपोआप हॉर्सलीकडे जातो, कारण दुकानातल्या छापील कार्डांनी आणि आता फोनवर फिरणाऱ्या चित्रांनी डोळ्याला तीच सवय लावलेली आहे.

आता बर्फाकडे वळू. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. १८७० मध्ये खामगावच्या बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा पोचला तो कापसासाठीच. वऱ्हाडचा कापूस गाठींत बांधून मुंबईवरून विलायतेला जाऊ लागला त्याच दशकांत तिकडे नाताळच्या छापील कार्डांचा धंदा फोफावला. कापूस तिकडे गेला आणि बर्फाचे चित्र इकडे आले. ते चित्र आणणारे मिशनरी वाईट हेतूने आले नव्हते. अकोल्याला ठाणे करणाऱ्या अमेरिकन अलायन्स मिशनमधल्या जेनी फुलर ह्यांनी १९०० मध्ये भारतीय स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी दवाखाना उभा राहिला. ही कामे मोठीच आहेत. परंतु माणूस आपल्या लहानपणच्या नाताळसह दुसऱ्या देशात जातो, आणि त्याच्या लहानपणात बर्फ होता. आपण धर्म घेतला त्याबरोबर त्याचे लहानपणही घेतले. वऱ्हाडचा डिसेंबर म्हणजे सकाळी शेकोटी आणि दुपारी अंगात घाम, पऱ्हाटीवर फुटलेली बोंडे, तुरीला आलेल्या शेंगा, संत्र्यांचे ट्रक. हे कार्डावर काढण्यासारखे आहे असे आम्हाला वाटलेच नाही.

माझ्या लहानपणी आमच्याकडे रविवारच्या शाळेत कार्डांची स्पर्धा होत असे. गाव सांगत नाही. एका मुलीने मरिया काढली ती नऊवारी लुगड्यातली, डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली, अनवाणी. आमच्या बाईंनी ते कार्ड बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘अगं, ही तर मजूरबाई वाटते.’’ बक्षीस धुराड्याच्या घराला मिळाले. बाई प्रेमळ होत्या, त्यांच्यावर राग नाही. पण त्या वाक्यात जे होते ते मला फार उशिरा कळले. मजूरबाई वाटते, म्हणून ती मरिया असू शकत नाही. नासरेथच्या सुताराची बायको त्यांना कशी वाटत होती?

ह्यावर कुणी म्हणेल की ख्रिस्ती चित्रकलेचे भारतीयीकरण तर कधीच झाले आहे. झाले आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. गोव्यात १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्यांच्या हाताखाली शिकले, गोव्यात परतले, मरियेला साडी नेसवली म्हणून तिथल्या भाविकांच्या रोषाला पात्र झाले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन चित्रे काढीत राहिले. १९६७ मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांत मरिया पहिल्यांदा आपल्याकडच्या उंबऱ्यावर बसलेली दिसते. हे ऋण मानलेच पाहिजे. शब्दांच्या बाबतीत हेच काम नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन हाती घेऊन त्याआधी केले होते.

तरीही एक शंका उरते. भारतीय म्हणजे कोणता भारतीय? फोन्सेकांची मरिया शांत, स्वच्छ, समई-कमळांच्या सान्निध्यात शोभणारी आहे. पुढे अनुकरण करणाऱ्यांनी कमळ, समई, भगवी वस्त्रे, पद्मासन ह्यांनाच भारतीयत्व मानले. मुलीच्या डोक्यावरची कडब्याची पेंढी त्या भारतीयत्वातही बसत नाही. १९८१ मध्ये बंगळूरला अरविंद निर्मल ह्यांनी शूद्र ईश्वरविद्येविषयी व्याख्यान दिले आणि पुढे दलित ईश्वरविद्येची मांडणी केली, तिचा रोख ह्याच ठिकाणी होता. भारतीय ख्रिस्ती विचार वेदान्ताशी बोलत राहिला आणि मंडळीतली बहुसंख्य माणसे जिथून आली त्या वस्तीशी बोललाच नाही, असे त्यांचे म्हणणे. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाविषयी लिहिताना ह्याच जागेवर बोट ठेवले होते. हा समाज शिकला, पण सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहिला नाही, आणि चर्चमध्ये येताना जात बाहेर ठेवून आला नाही. हे ऐकायला कडू आहे. चित्रकाराने त्याचे उत्तर वादाने देऊ नये, चित्राने द्यावे.

मराठी बायबलातले काही शब्द हाताशी घेतले की हे चित्र कसे असावे ते दिसू लागते. बाळाला ठेवले ती गव्हाण. पाळणा नव्हे, पेटी नव्हे, गुरे जिच्यात तोंड घालतात ती. वऱ्हाडात तिच्यात कुटार असते, कडब्याचे तुकडे असतात. ज्या घरात त्यांना जागा मिळाली नाही तिला जुन्या भाषांतरकारांनी उतारशाळा म्हटले. उतारशाळेत जागा नसणे म्हणजे काय हे अमरावतीच्या दलिताला टीपा वाचून समजून घ्यावे लागत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात ह्याच शहरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांकडे होते. रात्री कळप राखत जागणाऱ्यांना पहिली वार्ता कळली. रात्री जागणे हे ज्याचे काम त्याला आमच्या गावगाड्यात एक नाव होते, जागल्या. घोंगडी, काठी आणि कंदील एवढे काढले की तो ओळखू येतो, पंखांचे देवदूत नीट साधले नाहीत तरी चालते.

योसेफ बेथलेहेमला का गेला? नावनिशी लिहिण्यासाठी. मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचे असा सरकारी हुकूम होता. आज जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधत आजोबांच्या गावी जाणारा, शाळेचे जुने रजिस्टर आणि कोतवाल बुकाची नक्कल मागणारा माणूस मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला योसेफच आठवतो. तहसील कचेरीच्या ओट्यावर टेकलेली दिवस भरलेली बाई आणि हातात कागदांची पिशवी घेतलेला तिचा नवरा, असे कार्ड अजून माझ्या पाहण्यात नाही. कुणी केले तर मी ते भिंतीवर लावीन.

आणि बाळंते. बाळाला गुंडाळले ते फडके. आमच्याकडे बाळंती जुन्या लुगड्याची फाडतात, कारण धुऊन धुऊन ते सूत मऊ झालेले असते. कार्डावर कापसाची जागा ही आहे. छपरावरचा आणि झाडावरचा पुंजका काढून घ्यावा आणि जुन्या सुती कापडाचा बोटभर तुकडा गव्हाणीत चिकटवावा. कापूस कापूसच राहतो, ज्यांनी तो वेचला त्यांचा राहतो, आणि कथेतल्या मूळ वस्तूच्या जागी बसतो. कार्ड उघडणाऱ्याचे बोट त्या कापडाला लागले की त्याला तो स्पर्श ओळखीचा वाटतो. श्रद्धेचे प्रकटीकरण म्हणतात ते ह्याहून वेगळे काय असते ते मला ठाऊक नाही.

कृतीविषयी थोडे सांगतो, कारण चांगली कल्पना वाईट डिंकाने वाया गेलेली मी पुष्कळ पाहिली आहे. ड्रॉइंग शीट २२ बाय ३० इंचांची घेतली तर तिचे ११ बाय साडेसात इंचांचे आठ तुकडे पडतात. मधोमध दुमडले की साडेपाच बाय साडेसातचे कार्ड होते. दुमडण्यापूर्वी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनाने रेघ ओढावी, म्हणजे घडी सरळ येते आणि कागद तडकत नाही. कागदाला तंतूंची दिशा असते. एक तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी घालावी. हातकागद मिळाला तर उत्तम, कारण तो बहुधा सुती चिंध्यांचा असतो. पुण्याला १९४० पासून त्याची संस्था आहे. त्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी हा उद्योग नेटाने चालवला. कुमारप्पा ख्रिस्ती होते आणि येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तक लिहिले आहे, हे आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकालाही पुष्कळदा माहीत नसते.

चांदणीसाठी भेंडी आडवी कापावी. शक्यतो पाच शिरांची, थोडी निबर. तिचा काप रंगात बुडवून कागदावर दाबला की पाच कोनांची चांदणी उमटते, मध्ये बियांची घरे दिसतात. रंग घट्ट ठेवावा आणि पहिला ठसा रद्दीवर घ्यावा. कोवळी भेंडी पाणी सोडते आणि ठसा पसरतो. एका भेंडीत आठ-दहा ठसे निघतात, मग नवा काप घ्यावा. ज्वारीच्या धांड्याची साल काढून, चिरून, चपटी करून तिच्या पट्ट्यांनी गोठ्याचे खांब आणि गव्हाण करता येते. पोरे धांड्याच्या गाड्या करतातच, त्यांना हे शिकवावे लागत नाही. पट्ट्या जाड राहिल्या तर पाकीट फुगते आणि टपालात चुरा होतो, एवढे सांभाळावे. चिकटवायला बाभळीचा डिंक किंवा कणकेची खळ. बुकबांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकतात. ते विष आहे, पोरांच्या हाती देऊ नये, त्यापेक्षा खळ रोज ताजी शिजवावी.

रंगांपैकी एका रंगाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. युरोपातल्या जुन्या चित्रांत मरियेचा झगा निळा असतो. तो रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड दळून करीत, आणि तो इतका महाग असे की चित्र करून घेणारा धनिक करारातच किती निळा वापरायचा ते लिहून घेई. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात करण्याची रीत सापडली आणि तो मातीमोल झाला. पांढऱ्या कपड्यांना देण्याची जुनी नीळ, पुडीतली, ती ह्याच रंगाची भुकटी. राणीच्या झग्याचा रंग धुणे धुणाऱ्या बाईच्या मोरीत आला. आमच्याकडे निळ्याला आणखी एक अर्थ आहे, तो सांगायला नको. डिंकाच्या पाण्यात नीळ कालवून बेथलेहेमचे आकाश रंगवले तर तो कार्डावर आपोआप येतो.

अक्षरांत मात्र आमच्याकडे फार आळस आहे. नागरी अक्षरांना विलायती वेलबुट्टीची शेपटे लावण्याची हौस सोडावी. शिरोरेघ हीच मुळात एक तुळई आहे. तिच्याखाली गोठा उभा करता येतो. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीत मुरला, तो टाळण्याचे कारण नाही. पण आत मजकूर लिहिताना पुस्तकी आशीर्वाद कशाला? ‘नाताळाले घरी या’ एवढे पुरे. आपली आजी हेच म्हणत होती.

राहिला प्रश्न कार्ड कुणाला पाठवावे हा. ह्यात खरी अडचण आहे. आमच्या भावक्यांत एक घर १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या सुमारास ख्रिस्ती झालेले असते आणि बाकीची घरे १९५६ नंतर बौद्ध. पोटासाठी बाटले हा टोमणा पहिल्या घराने तीन-चार पिढ्या ऐकलेला आहे, कधी आपल्याच माणसांकडून. उलट बाजूने दुसऱ्या घरांना ह्या घरातल्या लोकांनी अंधारातले म्हटले आहे. अशा वेळी २५ डिसेंबर ही तारीख मला आधाराची वाटते. १९२७ मध्ये ह्याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली, अमरावतीच्या परिषदेनंतर दीड महिन्याच्या आत. चुलत बहिणीला पाठवायच्या कार्डावर गव्हाणीशेजारी मी शेकोटी काढतो, जागल्या तिच्याशी हात शेकीत असतो. शेकोटीत काय जळते आहे ते तिला कळते, आणि माझ्या घरच्यांनाही कळते. कुणी त्यावर अजून वाद घातलेला नाही.

दुसरी अडचण कायद्याची. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे स्थान हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ते मिळाले, ख्रिस्ती दलितांना नाही. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्या प्रश्नासाठी आयोग नेमला गेला. आयोगाचे काय व्हायचे ते होवो, पण ह्या आदेशामुळे कित्येक घरे कागदावर एक आणि मनात एक अशी जगली. नाताळचे कार्ड ही त्या घरांच्या दृष्टीने धोक्याची वस्तू. त्यावर नाव असते, ते पोस्टमनच्या हातून जाते, शेजारी पाहतो, आणि उद्या पडताळणीच्या वेळी कुणीतरी ते आणून पुढे ठेवील ही भीती. अशा माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार ज्याच्या मुलाची फी भरायची राहिली आहे त्यालाच असावा.

मला एका बाईंकडून दर वर्षी असे कार्ड येते. जुन्या सुताचा तुकडा असतो, निळेचे आकाश असते, भेंडीची चांदणी असते. आत मजकूर नसतो आणि खाली सही नसते. एका वर्षी ते आले नाही तेव्हा मी जानेवारीत त्यांच्या घरी जाऊन आलो. गुडघे दुखत होते म्हणून पोस्टापर्यंत जाणे झाले नव्हते. कार्ड करून ठेवलेले होते, ते त्यांनी फळीवरच्या डब्यातून काढून माझ्या हातात दिले.